पैलवानाचा वस्ताद होतो तेव्हा

यात्रेच्या दिवसांत आमच्या पाटण खोऱ्यात दुपार कलली आणि हलगी कडाडू लागली, की माणसे घरात थांबत नाहीत. पालखी देवळात परतलेली असते. पोरांच्या हातांत पिपाण्या असतात. नांगरून, ढेकळे फोडून मऊ केलेल्या रानात कुस्त्यांचा फड भरतो. आधी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर-दोनशेच्या, आणि दिवस मावळता मावळता शेवटची मोठी जोड. जिंकलेल्या पैलवानाला लोक खांद्यावर घेतात, फेटा बांधतात, त्याच्या हातात इनाम ठेवतात. हे सारे आपण पाहिलेले आहे.

आज मला बोलायचे आहे ते त्या पैलवानाच्या पुढच्या आयुष्याविषयी. कुस्तीचे वय थोडे असते. तिशी उलटली, गुडघा कुरकुरू लागला, विशीतली पोरे समोर शड्डू ठोकून उभी राहू लागली, की हा गडी एक दिवस लंगोट खुंटीला टांगतो. त्यानंतर तो करतो काय? आणि पंधरा-वीस वर्षे घाम गाळून त्याने अंगात मुरवलेली विद्या जाते कुठे?

हा प्रश्न मला पुस्तकात सापडला नाही, आमच्या घरात सापडला. माझे एक चुलते पैलवान होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. फार मोठे नाव नव्हे, पण चार गावच्या यात्रांत त्यांना बोलावणे असे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. समोरच्याचा हात असा काही आवळायचे आणि कमरेला असा झटका द्यायचे, की तो कधी उचलला गेला आणि कधी पाठीवर पडला हे त्याचे त्याला कळत नसे. पुढे गुडघा गेला. कुस्ती सुटली, मेहनत सुटली. खाणे मात्र सुटले नाही. शरीर सुटले, साखरेचा विकार मागे लागला. गावची तालीमही हळूहळू ओस पडली आणि तिच्यात खताच्या पोत्यांची थप्पी लागली. तात्या पारावर बसून जुन्या कुस्त्या सांगत. ऐकणारे आधी दहा होते, मग पाच झाले, मग मी एकटा.

एकदा मी त्यांना म्हणालो, "तात्या, गावातल्या पोरांना ढाक शिकवा की."

ते हसले. म्हणाले, "बाळा, ते शिकवायचं नसतं. ते अंगात असावं लागतं."

मी तेव्हा लहान होतो. मला ते उत्तर मोठे खरे वाटले. पुढे मी स्वतः वर्गात उभा राहून शिकवू लागलो, तेव्हा त्यातली चूक ध्यानात आली. ती चूक कोणाच्या उदाहरणाने कळते, ते आता सांगतो.

आमच्या पाटण तालुक्याच्या दक्षिणेला डोंगर उतरून गेले, की शिराळा तालुका लागतो. वारणेच्या खोऱ्यातल्या या तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. गणपतराव आंदळकर हे या गावचे. जन्म १९३५ सालचा. आज आपण पुनवत सांगली जिल्ह्यात मोजतो. पण त्या वेळी हा सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली झाले. तेव्हा गणपतरावांना आपलेच म्हणायला आम्हा सातारकरांना हरकत नसावी.

अंगापिंडाने भरलेला पोरगा दिसला, की त्या काळी घरची माणसे त्याला कोल्हापूरला धाडीत. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे तालमींना आश्रय दिला होता. १९१२ साली बांधून झालेले खासबागेचे मैदान आजही त्याची साक्ष देते. गणपतराव कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत दाखल झाले.

तालमीतले आयुष्य बाहेरून दिसते तितके मौजेचे नसते. पहाटे अंधार असतानाच उठायचे. हौद्यातली माती खणून वरखाली करायची. ही तांबडी माती म्हणजे नुसती माती नव्हे. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते. अंगाला लागली तर बाधत नाही, उलट निववते. मग जोर, बैठका, त्यानंतर लढती. दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि पुन्हा दुपारी मेहनत. वर्षानुवर्षे हेच. घरच्या शेतातला दाणा आणि गोठ्यातले दूध या एका पोरासाठी कोल्हापूरला जात असते, आणि घरचे उरलेल्यावर भागवत असतात. एका पैलवानामागे एक अख्खे घर राबत असते, हे विसरू नये.

१९५९ साली हिंदकेसरी हा किताब सुरू झाला. पहिला मान मिळाला श्रीपती खंचनाळे यांना. आणि पुढच्याच वर्षी, १९६० साली, हिंदकेसरी झाले गणपतराव आंदळकर. दोघेही कोल्हापूरच्या तालमींत तयार झालेले.

यानंतरची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तिथे कुस्तीचे दोन प्रकार होते. एक मुक्त कुस्ती. तिच्यात पाय धरता येतो, पट काढता येतो. दुसरा ग्रीको-रोमन. त्यात कमरेखाली हात लावायचा नाही आणि डावासाठी पायाचा उपयोगही करायचा नाही. आपल्या मातीतल्या पैलवानाला हे किती अवघड! आपले निम्मे डाव पायाचे. उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्या हाताने जेवायला बसवावे, तसलाच हा प्रकार. असे असून गणपतरावांनी वजनदार गटात ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि मुक्त कुस्तीत रौप्यपदक. याच स्पर्धेत त्यांच्या खालच्या वजनगटात सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी नेमके उलटे केले: मुक्त कुस्तीत सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्याच्या दोन मल्लांनी एका स्पर्धेत चार पदके आणली. १९६४ साली गणपतराव टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये लढले. अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

इथवरची कथा जिंकलेल्या कुस्त्यांची आहे. इथे थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिलेच असते. पण लढणे संपल्यावर गणपतराव तालमीच्या बाहेर पडले नाहीत. ज्या मोतीबागेत ते पठ्ठा म्हणून आले होते, तिथेच ते वस्ताद झाले.

आता पैलवान आणि वस्ताद यांत फरक काय, ते पाहू. पैलवान आपले अंग ओळखतो. वस्तादाला दुसऱ्याचे अंग ओळखावे लागते. पैलवानाला एक डाव उत्तम येत असला, तरी त्याचे निभते. वस्तादासमोर मात्र चाळीस पोरे असतात. एक उंच आणि काटकुळा, एक बुटका आणि बसक्या बांध्याचा, एकाच्या मानेत बळ, एकाच्या पायात चपळाई. यातल्या बुटक्याला जर वस्ताद स्वतःचा उंच गड्याचा डाव शिकवू लागला, तर दोघांचाही वेळ फुकट जातो. म्हणून वस्ताद होणाऱ्याला पहिले काम करावे लागते ते असे, की आपण कसे जिंकलो हे थोडे बाजूला ठेवायचे आणि समोरचा पोरगा कसा जिंकेल ते पाहायचे.

दुसरे काम याहून अवघड आहे. जे आपल्या अंगाला आपोआप येते, त्याचे तुकडे करून सांगायचे. हात आधी की कंबर आधी? पाऊल किती आत? श्वास केव्हा धरायचा? वीस वर्षे डाव मारणाऱ्याने या प्रश्नांचा विचार कधीच केलेला नसतो. सायकल चालवणाऱ्याला विचारा, तोल कसा सांभाळतोस? तो गोंधळेल. आमच्या तात्यांचे नेमके हेच झाले होते. डाव अंगात होता, पण त्याला शब्द सापडला नव्हता. आणि शब्द सापडत नाही म्हणून ती विद्या शिकवताच येत नाही, असे त्यांनी धरून चालले. श्रोतेहो, शिकवणे ही दुसरी विद्या आहे. पहिली येते म्हणून दुसरी आपोआप येत नाही. ती वेगळी शिकावी लागते. शिक्षकांना हे सांगायला नकोच. गणितात शंभरापैकी शंभर मिळवणारा विद्यार्थी पुढे गणिताचा चांगला शिक्षक होईलच, असे आपण म्हणत नाही.

याची उलट बाजूही आहे. मुंबईचे रमाकांत आचरेकर यांचे नाव आपण ऐकले असेल. क्रिकेटमधला प्रथम श्रेणीचा सामना त्यांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात एकच आला. पण शिवाजी पार्कच्या मैदानावर उभे राहून त्यांनी सचिन तेंडुलकरसारखे खेळाडू घडवले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून जे हाती आले नाही, ते शिक्षक म्हणून त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिले. आणि हा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ साली सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे मार्गदर्शक भालचंद्र भास्कर भागवत होते, हेही आपण लक्षात ठेवावे.

गणपतरावांच्या पिढीच्या वस्तादांपुढे आणखी एक अडचण होती. कुस्ती बदलत होती. मातीतल्या कुस्तीत चीतपट होईपर्यंत झुंज चाले. अर्धा तास, तास, कधी त्याहूनही जास्त. गादीवरची कुस्ती घड्याळाकडे पाहते. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक पकडीला, प्रत्येक फेकीला गुण असतात. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत दम राखून, समोरच्याला दमवून मग डाव टाकायचा; गादीवर पहिल्या क्षणापासून तुटून पडायचे. जुन्या वस्तादांपैकी पुष्कळांनी या गादीला नाक मुरडले. पण वारे बदलले म्हणून पेरणी थांबवता येत नाही. लाल माती आणि गादी, मुक्त आणि ग्रीको-रोमन, हे सारे स्वतःच्या अंगावर घेतलेला माणूस शिकवायला उभा राहतो, तेव्हा मुलांना दोन्ही काठ दिसतात.

गणपतरावांच्या हाताखाली मोतीबागेत जे तयार झाले, त्यांतले एक दादू चौगुले. १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७४ साली न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे झालेल्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी वजनदार गटात रौप्यपदक मिळवले. आणि पुढे? पुढे तेही वस्ताद झाले.

२०१८ सालच्या सप्टेंबरची १६ तारीख. त्या दिवशी गणपतराव आंदळकर वारले. वय त्र्याऐंशी. त्याच महिन्याच्या २५ तारखेला दिल्लीला राष्ट्रीय क्रीडापुरस्कार दिले गेले, आणि जन्मभराच्या सेवेसाठी त्या वेळी दिला जाणारा ध्यानचंद पुरस्कार दादू चौगुले यांना मिळाला. मधे दिवस गेले नऊ. वर्षभराने, २०१९ च्या ऑक्टोबरात, चौगुलेही गेले. पण त्यांनी शिकवलेली मुले आहेत, आणि ती मुले आणखी कोणाला शिकवत असतील.

असाच एक धागा मराठवाड्यातून पुण्याला गेलेला आहे. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत गुरू झाले. काका पवार हे त्यांचे शिष्य. तेही नाणावलेले मल्ल आणि पुढे वस्ताद. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे या दोघांच्या हाताखाली वाढला. बिराजदार २०११ साली गेले. राहुलने २०१८ साली ऑस्ट्रेलियात राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ते त्याने आपल्या दिवंगत गुरूंच्या स्मृतीला वाहिले. गुरू जाऊन सात वर्षे झाली होती, तरी त्यांची कुस्ती अजून जिंकत होती. दिव्याने दिवा लावावा तो असा.

आता आपल्या घरच्या एका थोर माणसाची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पाटणहून कोयनेच्या कडेकडेने कराडला जावे. तिथे कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आहे आणि जवळच गोळेश्वर गाव. खाशाबा जाधव इथले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकले! खाशाबांनी तिथे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. गावाकडे परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ साली ते पोलीस खात्यात लागले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मरणानंतर सोळा वर्षांनी.

मिरवणूक एका दिवसाची असते. बैलगाड्या जुंपण्यात आपण कमी पडलो नाही. पण विजयी मल्लाच्या अंगची विद्या दहा गावच्या पोरांपर्यंत पोचावी, यासाठी आपण त्याला काय देतो? बसायला जागा देतो का? पोटापाण्याची सोय करतो का? शिकवावे कसे, हे त्याला शिकवतो का? पतियाळा येथे १९६१ साली खेळांचे प्रशिक्षक तयार करणारी राष्ट्रीय संस्था निघाली, ती याच गरजेतून. पण प्रत्येक गावचा पैलवान पतियाळाला जाणार नाही. गावचे काम गावानेच करायला हवे.

म्हणून माझे शिक्षक बंधुभगिनींना एक मागणे आहे. आपल्या शाळेच्या गावात एखादा जुना पैलवान असतो. कबड्डीचा, खो-खोचा, पळण्याचा जुना गडीही असतो. तो पारावर बसलेला असतो. त्याला आठवड्यातून एक तास शाळेच्या मैदानावर बोलवा. पहिल्या दिवशी तो म्हणेल, "मला काय शिकवता येतंय गुरुजी?" तुम्ही सोडू नका. त्याच्याकडून भाषण मागू नका. पोरांना त्याच्यापुढे खेळू द्या आणि त्याला नुसते बघायला सांगा. बघता बघता त्याच्या तोंडून शब्द येतील. ते शब्द पोरांनी वहीत टिपून ठेवावेत. आणि मुलींना वगळू नका. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीचीच प्रतीक्षा बागडी ती जिंकली. तांबडी माती आता मुलींचीही आहे.

हे मी कशाच्या जोरावर सांगतो? आमच्या तात्यांच्याच.

त्यांच्या अखेरच्या वर्षातली गोष्ट. तात्या अंगणात बाजेवर पडून होते. माझा पुतण्या आणि शेजारचा एक पोरगा समोर झोंबी खेळत होते. दोघेही दहा-अकरा वर्षांचे. पुतण्या किडकिडीत, दरवेळी खाली जायचा. तात्या बराच वेळ पाहत होते. एकाएकी कोपरावर उठले आणि ओरडले, "आरं, हाताचं सोड! पाय आत घे, पाय! आता कंबर घाल!" पोराने पाय आत घेतला, कंबर घातली, आणि तो दांडगा गडी धप्पकन अंगणात पडला. क्षणभर कोणी बोलले नाही. मग तात्या म्हणाले, "पुन्हा कर बघू. ह्या टायमाला मान खाली."

त्या संध्याकाळी त्यांनी त्या दोघांकडून ढाक पंधरा-वीस वेळा करून घेतली. दिवेलागण झाली, जेवणाचे बोलावणे आले, तरी बाजेवरून सूचना चाललेल्या. फेटे बांधलेले तात्या मी फोटोत पाहिले आहेत. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जे तेज होते, ते त्या फोटोत नाही. मी जवळ जाऊन म्हटले, "तात्या, तुम्ही तर म्हणत होता शिकवायचं नसतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुणी विचारलंच न्हाई रं."

मी एकदा विचारले होते, पण एकदाच. पहिल्या नकाराला मी परत फिरलो. ती खंत माझ्या मनात आहे. पुढच्या पावसाळ्यात तात्या गेले. आमच्या घराण्यातली ढाक आज एका पोरापाशी आहे, तीही एका संध्याकाळच्या शिकवणीपुरती. बाकीचे सारे त्यांच्याबरोबर गेले.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या यात्रेला हलगी वाजेल, शेवटची कुस्ती सुटेल, जिंकलेल्या गड्याला आपण खांद्यावर घ्याल. जरूर घ्या. पण परतताना गर्दीच्या कडेला काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे एकदा पाहा. त्याचे कान चेंगरून गोळा झालेले असतील. पैलवानाची ती खूण असते. त्याच्याजवळ जा, आपल्या पोराला पुढे करा आणि विचारा. पहिल्यांदा नाही म्हणाला, तर दुसऱ्यांदा विचारा.